बंद खाण आणि वाहती नदी

एखादा कारखाना बंद पडला की त्याच्या चिमणीतून धूर यायचा थांबतो. मशीन बंद, प्रदूषण बंद, असा आपला साधा हिशोब असतो. खाणीच्या बाबतीत हा हिशोब उलटा होतो. खाण चालू असते तोवर पंप लावून पाणी उपसलं जातं. कोणीतरी मालक असतो, कोणीतरी बिलं भरत असतं. खाण बंद झाली की पंप थांबतात, मालक निघून जातो आणि प्रदूषणाचा मोठा भाग तिथून पुढे सुरू होतो. तेही वर्ष-दोन वर्षं नव्हे, तर कित्येक पिढ्या.

आमच्या एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगच्या पुस्तकात ‘अ‍ॅसिड माइन ड्रेनेज’ला जेमतेम अर्धं पान दिलं आहे. परीक्षेत चार मार्कांची शॉर्ट नोट. त्या अर्ध्या पानात समीकरण आहे, ‘चुना टाकावा’ असा उपाय आहे आणि विषय संपतो. चुना कोणी टाकायचा, किती वर्षं टाकायचा आणि पैसे कोणाचे, हे त्यात कुठेच नाही. हा राहिलेला भाग समजून घेण्यासाठी मी एका नदीची केस वाचायला घेतली. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातली अ‍ॅनिमस नदी. तिथल्या लोकांनी नदीसाठी २५ वर्षं काम केलं, आणि त्यांना सर्वात मोठी अडचण केमिस्ट्रीची नाही तर कायद्याची आली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे जिथे चांगला मराठी शब्द सुचला नाही तिथे इंग्रजी शब्द सरळ देवनागरीत लिहिला आहे. सांभाळून घ्या.

आधी थोडी केमिस्ट्री

सोनं, चांदी, तांबं, जस्त यांच्या खनिजांबरोबर खडकात बहुतेक वेळा पायराइट असतं. पायराइट म्हणजे लोह आणि गंधक यांचं संयुग. पिवळं चकचकीत दिसतं म्हणून त्याला ‘मूर्खांचं सोनं’ असंही म्हणतात. जमिनीखाली बंदिस्त असताना ते निरुपद्रवी असतं. पण बोगदे खणले की त्याला हवा आणि पाणी दोन्ही मिळतं. मग ऑक्सिडेशन होऊन सल्फ्युरिक अ‍ॅसिड आणि विरघळलेलं लोखंड तयार होतं. हे लोखंड पुढे आणखी पायराइट खातं, म्हणजे एकदा गाडी सुरू झाली की ती स्वतःच स्वतःला ढकलत राहते. त्यातच अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स नावाचे जिवाणू असतात. त्यांना असं आंबट पाणी आवडतं आणि ते या क्रियेचा वेग कितीतरी पटींनी वाढवतात.

हे पाणी खडकातून झिरपताना जस्त, कॅडमियम, तांबं, शिसं, अ‍ॅल्युमिनियम असे धातू विरघळवून सोबत नेतं. साध्या नदीचा पीएच ७ च्या आसपास असतो. खाणीच्या तोंडाशी तो ३ असला, तर ‘चारच अंकांचा तर फरक’ असं वाटेल. पण पीएच ही लॉग स्केल आहे, म्हणजे ते पाणी १० हजार पट जास्त आम्लधर्मी झालं.

असं पाणी स्वच्छ ओढ्याला मिळालं की पीएच वाढतो आणि लोखंड पिवळ्या-नारिंगी गाळाच्या रूपात खाली बसतं. खाणकामगार या गाळाला ‘यलो बॉय’ म्हणतात. याचा छोटा नमुना आपल्या लॅबमध्येही बघता येतो. हिराकस (म्हणजे फेरस सल्फेट) पाण्यात विरघळवून बाटली उघडी ठेवा. काही दिवसांत हिरवट पाणी गढूळ, तपकिरी-पिवळं होतं. मी हे करून बघितलं. नंतर त्यात चुन्याची निवळी घातली, तर भराभर साका जमला. सोपं वाटलं. पण लोखंड लवकर खाली बसतं, जस्त मात्र पीएच ९ च्या आसपास नेल्याशिवाय नीट बसत नाही. म्हणून पाणी दिसायला स्वच्छ झालं तरी त्यात जस्त असू शकतं, आणि ट्राउट माशांना जस्त फार थोडंही सोसत नाही.

दुसरा मुद्दा असा की बाटलीत एकदा चुना घालून माझं काम संपलं. डोंगर मात्र रोज नवीन पाणी सोडतो. म्हणजे चुना रोज घालायचा, त्याचा गाळ रोज उचलायचा आणि तो ठेवायला कुठेतरी जागा शोधायची.

नदी आणि गाव

सॅन वॉन पर्वतरांगेत सुमारे २८०० मीटर उंचीवर सिल्व्हर्टन नावाचं छोटं गाव आहे. नावातच चांदी! ड्युरँगो शहरातून इथे नॅरोगेज रेल्वे येते, आपल्या माथेरानच्या गाडीसारखीच पर्यटकांची लाडकी. गावाजवळ अ‍ॅनिमस नदीला सिमेंट क्रीक आणि मिनरल क्रीक हे दोन ओढे मिळतात. इथे १८७० च्या दशकापासून खाणकाम चाललं. डोंगर इतका पोखरला गेला की ४ जून १९७८ रोजी एम्मा नावाच्या तळ्याचा तळच फुटला आणि अख्खं तळं खालच्या सनीसाइड खाणीत कोसळलं. सुदैवाने रविवार होता, खाणीत कोणी नव्हतं.

१९९१ मध्ये ही सनीसाइड खाण बंद झाली. भागातली ती शेवटची मोठी खाण. मागे उरली शेकडो जुन्या खाणींची तोंडं, दगडमातीचे ढीग आणि धातू घेऊन वाहणारं पाणी. बहुतेक खाणींचे मालक तर कधीच इतिहासजमा झाले होते.

लोक एकत्र येतात

१९९४ मध्ये ‘अ‍ॅनिमस रिव्हर स्टेकहोल्डर्स ग्रुप’ स्थापन झाला. गावकरी, खाण कंपन्यांचे लोक, सरकारी अधिकारी, पर्यावरणवाले, जमीनमालक, सगळे एका टेबलाभोवती. बिल सायमन हे समन्वयकांपैकी एक होते, आणि ते पूर्वी काउंटी कमिशनरही होते. विशेष म्हणजे इथे मतदान करून बहुमताने निर्णय घेत नसत. सर्वांचं एकमत होईपर्यंत चर्चा. आपल्या गॅदरिंग कमिटीची मीटिंग आठवा, म्हणजे हे किती चिकाटीचं काम आहे ते कळेल.

त्यांनी पहिली काही वर्षं मुख्यतः मोजण्यात घालवली. कोणत्या तोंडातून किती पाणी येतं, त्यात कोणता धातू किती, बर्फ वितळताना किती आणि हिवाळ्यात किती. यातून दोन गोष्टी समोर आल्या.

पहिली, सगळंच प्रदूषण माणसाने केलेलं नव्हतं. हा मुळात ज्वालामुखीचा, खनिजांनी भरलेला भाग. काही झरे खाणी यायच्या आधीपासूनच आंबट होते. अशा ओढ्यात मासे आणायचं ध्येय ठेवलं असतं तर कोट्यवधी डॉलर खर्चूनही अपयशच आलं असतं. म्हणून नदीच्या कोणत्या भागात किती सुधारणा खरोखर शक्य आहे याचा अहवाल त्यांनी २००१ मध्ये पूर्ण केला.

दुसरी, शेकडो जागांपैकी मोजक्याच जागा बहुतांश धातूंना कारणीभूत होत्या. आपण मॅनेजमेंटच्या पेपरला पॅरेटोचा नियम पाठ करतो, तो इथे नदीत दिसला. मग कामाचा क्रम ठरला. नदीकाठचे ढीग हलवणं, काही झाकणं, पावसाचं आणि बर्फाचं स्वच्छ पाणी ढिगांपासून दूर वळवणं, अशी कामं झाली. कंपनीनेही बरीच सफाई केली. नदीतले धातू कमी होऊ लागले.

हात लावेल तो जबाबदार

इथपर्यंत वाचून प्रश्न पडतो की ढीग हलवले ते ठीक, पण सर्वात जास्त विष तर खाणीच्या तोंडातून वाहणाऱ्या पाण्यात आहे. त्याला हात का नाही लावला?

होस्टेलमध्ये राहणाऱ्यांना याचं उत्तर लगेच पटेल. गीझर आठवडाभर बिघडलेला असतो. सगळ्यांना माहीत असतं, तरी कोणी हात लावत नाही. कारण ज्याने शेवटचा हात लावला त्यानेच तो बिघडवला, असं नंतर ठरतं आणि दुरुस्तीचे पैसे त्याच्या डिपॉझिटमधून जातात.

अमेरिकेच्या १९७२ च्या क्लीन वॉटर अ‍ॅक्टमध्ये हेच घडतं. पाइप, नाला, बोगदा अशा ठरावीक जागेतून नदीत दूषित पाणी सोडायचं तर परमिट लागतं आणि ठरलेले मानदंड पाळावे लागतात. कायदा अर्थातच चांगला आहे, त्यामुळे कितीतरी नद्या सुधारल्या. पण बेवारस खाणीच्या पाण्यावर कोणी प्रक्रिया करायला गेलं, तर त्या पाण्याची जबाबदारी कायमची त्याच्यावर येऊ शकते. समजा एखाद्या संस्थेने पाण्यातले ७० टक्के धातू काढले. उरलेल्या ३० टक्क्यांसाठी तिच्यावर खटला होऊ शकतो. काहीच न करणारा मात्र सुरक्षित.

ही नुसती भीती नव्हती. कॅलिफोर्नियात पेन माइन नावाची तांब्याची बेवारस खाण होती. तिचं आंबट पाणी मोकेलम्नी नदीत जाऊ नये म्हणून तिथल्या पाणीपुरवठा संस्थेने आणि सरकारी जलमंडळाने १९७८ मध्ये बंधारे घालून ते अडवलं. जोराच्या पावसात त्यातून पाणी नदीत जायचं. एका नागरिक गटाने खटला भरला आणि १९९३ मध्ये अपील कोर्टाने पाणी अडवणाऱ्यांनाच कायदाभंगाबद्दल जबाबदार धरलं. त्यानंतर अशा पाण्याजवळ जायला कोण धजावेल? अ‍ॅनिमसचा गट स्थापन झाला तो याच्या पुढच्याच वर्षी.

डोंगराला लावलेलं बूच

आता सनीसाइड खाणीकडे परत येऊ. तिचं पाणी अमेरिकन टनेल नावाच्या बोगद्यातून बाहेर यायचं आणि ग्लॅडस्टोन इथल्या प्लांटमध्ये चुना घालून साफ केलं जायचं. कंपनीला हा प्लांट कायम चालवायचा नव्हता. १९९६ मध्ये राज्य सरकारशी करार झाला. बोगद्यात काँक्रीटची जाड भिंत, म्हणजे बल्कहेड बांधायचं, खाण पाण्याने भरू द्यायची, म्हणजे पायराइटला हवा मिळणार नाही आणि अ‍ॅसिड कमी होईल. १९९६ ते २००३ या काळात तीन बल्कहेड बसली. कागदावर कल्पना बरोबर आहे. हवा तोडली की क्रिया मंदावते, हे आपण वरच बघितलं.

पण पोखरलेल्या डोंगरात पाण्याची पातळी वाढली की ते दुसरी वाट शोधतं. २००० च्या दशकात जवळच्या गोल्ड किंग आणि रेड अँड बोनिटा या खाणींतून पाणी वाढलं. हे बल्कहेडमुळेच झालं असं अनेक तज्ज्ञांचं मत आहे, कंपनीने ते मान्य केलं नाही. त्यातच ग्लॅडस्टोनचा प्लांट दुसऱ्या कंपनीकडे गेला, ती आर्थिक अडचणीत आली आणि २००४ च्या सुमारास प्लांट बंद पडला. परिणाम माशांवर दिसला. २००५ नंतर सिल्व्हर्टनच्या खालच्या दरीत ट्राउट झपाट्याने कमी झाले. दहा वर्षं मेहनत करून मिळवलेलं डोळ्यांसमोर परत जात होतं, आणि वाहत्या तोंडांना हात लावायची गटाला सोय नव्हती.

५ ऑगस्ट २०१५

या दिवशी केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेची (ईपीए) टीम गोल्ड किंग खाणीच्या ढासळलेल्या तोंडाशी खोदकाम करत होती. आत किती दाबाने पाणी साठलं आहे याचा अंदाज चुकला. माती फुटली आणि ३० लाख गॅलन, म्हणजे सुमारे १ कोटी १० लाख लिटर पाणी सिमेंट क्रीकमध्ये गेलं. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर अकराशे टँकर! नदी नारिंगी-पिवळी झाली. ड्युरँगोजवळची ती चित्रं जगभर टीव्हीवर दिसली. लोंढा पुढे न्यू मेक्सिकोत सॅन वॉन नदीला मिळाला आणि नवाहो आदिवासींच्या प्रदेशातून युटामध्ये गेला. शिपरॉक भागातल्या नवाहो शेतकऱ्यांनी कालवे बंद ठेवले. ऐन हंगामात मक्याला आणि कलिंगडाला पाणी नाही. या लोकांचा त्या खाणीशी काडीचाही संबंध नव्हता. ईपीएने जबाबदारी स्वीकारली. २०२२ मध्ये अमेरिकी सरकारने नवाहो नेशनशी ३ कोटी १० लाख डॉलरचा समझोता केला.

पण या लेखातला माझ्या मते सर्वात महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. ईपीएच्याच नोंदीप्रमाणे त्या भागातल्या ४८ जागांमधून रोज सरासरी ५४ लाख गॅलन दूषित पाणी नदीत येत होतं. आता भागाकार करा. जगभर गाजलेला तो अपघात म्हणजे रोजच्या प्रवाहाचे जेमतेम १३ तास! रोजचं पाणी नारिंगी लोंढ्यासारखं दिसत नव्हतं, म्हणून त्याची बातमी होत नव्हती. ते दिसत होतं ते फक्त वीस वर्षं बाटल्या घेऊन नमुने गोळा करणाऱ्यांना.

पुढे काय झालं

सिल्व्हर्टनच्या लोकांचा ‘सुपरफंड’ योजनेला अनेक वर्षं विरोध होता. या योजनेत सरकार अतिप्रदूषित जागा ताब्यात घेऊन साफ करतं, पण गावाच्या नावावर शिक्का बसेल आणि पर्यटक येणार नाहीत अशी भीती होती. अपघातानंतर मत बदललं. फेब्रुवारी २०१६ मध्ये गावाने आणि काउंटीने एकमताने ही योजना मागितली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये त्या ४८ जागा ‘बोनिटा पीक मायनिंग डिस्ट्रिक्ट’ या नावाने यादीत आल्या. त्याआधीच, ऑक्टोबर २०१५ मध्ये, ग्लॅडस्टोनला पुन्हा चुन्याचा प्लांट सुरू झाला होता. म्हणजे फिरून गाडी तिथेच आली. स्टेकहोल्डर्स ग्रुपने २०१९ मध्ये आपलं काम थांबवलं.

कायदा बदलायला मात्र आणखी वेळ लागला. डिसेंबर २०२४ मध्ये ‘गुड समॅरिटन’ कायदा मंजूर झाला. ज्यांचा प्रदूषणाशी संबंध नाही अशा संस्थांना आता बेवारस खाणी साफ करण्यासाठी खास परमिट मिळू शकतं आणि मर्यादित संरक्षणही. सुरुवातीला फक्त १५ प्रकल्प आणि ७ वर्षांची मुदत. नावामागची गोष्ट आम्ही शाळेत मॉरल सायन्सच्या तासाला ऐकली होती. लुटारूंनी रस्त्यात टाकून दिलेल्या जखमी माणसाला, मोठमोठी माणसं बाजूने निघून गेल्यावर, समारियाचा एक परका माणूस उचलतो. हाच प्रश्न आपल्या रस्त्यांवरही होता. अपघातातल्या जखमीला उचललं तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल म्हणून लोक पुढे येत नसत. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिलं आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात तसं कलम आलं. जखमी माणूस असो की नदी, मदत करणाराच अडकत असेल तर मदत येणार नाही.

आपण यातून काय घ्यायचं

हे सगळं दूरच्या देशातलं वाटेल, पण आपल्याकडेही मेघालयातली लुखा नदी हिवाळ्यात निळी पडते आणि त्याच्या चर्चेत तिथल्या कोळसाखाणींच्या आंबट पाण्याचं नाव येतं. विदर्भात चंद्रपूर-यवतमाळकडे कोळसाखाणी आहेत आणि आपल्यापैकी काहीजण उद्या तिथे नोकरीला असतील. भारतात २००३ पासून खाण बंद करण्याचा आराखडा आधीच देणं बंधनकारक झालं, कोळसाखाणींसाठी २००९ मध्ये त्यासाठी पैसे वेगळे ठेवण्याची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्या आराखड्यांवर सह्या करणारे इंजिनिअर आपल्यासारख्याच कॉलेजातून निघतात. म्हणून परीक्षेच्या शॉर्ट नोटमध्ये नसलेले चार मुद्दे लिहून ठेवते :

१. आधी मोजा. अ‍ॅनिमसच्या गटाने कामाच्या आधी मोजमाप केलं, म्हणून नैसर्गिक काय आणि खाणीचं काय हे वेगळं करता आलं.

२. पाणी अडवलं म्हणजे प्रश्न संपला असं नाही. ते कुठे जाईल हे डिझाइनमध्येच धरा.

३. प्लांट बांधण्याचा खर्च एकदाच असतो, चालवण्याचा कायमचा. एस्टिमेटमध्ये हा दुसरा आकडा नसेल तर ते एस्टिमेट अपुरं आहे.

४. कायदा हा सुद्धा एक डिझाइन पॅरामीटर आहे. तो आपला विषय नाही असं म्हणून सोडून देऊ नका.

शेवटी एक सूचना, विद्यार्थ्यांना आणि सरांनाही. आपल्या एन्व्हायर्नमेंटल लॅबमधला पीएच मीटर सेमिस्टरमध्ये दोनदाच बाहेर निघतो. होस्टेलमागच्या नाल्याचा पीएच आणि टीडीएस दर महिन्याला घेऊन वहीत लिहायला अर्धा तास पुरेल. पहिल्या वर्षाच्या मुलांनी सुरू केलं तर ते पास होऊन बाहेर पडेपर्यंत चार वर्षांची नोंद तयार होईल. नाल्यात आज काही गडबड आहे असं माझं म्हणणं नाही. पण उद्या झाली, तर ‘आधी कसं होतं?’ हा पहिला प्रश्न येईल आणि त्याचं उत्तर त्या वहीत असेल. ज्यांना यायचं आहे त्यांनी लेडीज होस्टेलच्या नोटीस बोर्डावर लावलेल्या कागदावर नाव लिहावं. वही मी आणली आहे.

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी